एका बाईची तीन नावं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अध्यापनाचे अनुभव’ असा विषय दिला होता. तो मी त्यांच्या परवानगीने थोडा वळवून घेतला आहे. आज सकाळपासून मला तिघांनी विचारलं, तिकडे थंडी किती असते. आणि सात-आठ जणांनी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, कागदपत्रं कशी केलीस गं? थंडीचं जेवताना बोलू. कागदांचं मात्र सगळ्यांसमोरच बोलते, कारण हा प्रश्न हळू आवाजात विचारण्याचा नाही. आणि त्यातला मोठा भाग इंग्लंडशी संबंधित नाहीच, आपल्याच कपाटांशी आहे. शाळेच्या ऑफिसातल्या कपाटाशीसुद्धा.

थोडक्यात माझं सांगते. मी भौतिकशास्त्राची बी.एस्सी., मग बी.एड., मग इथेच पिंपरी-चिंचवडमध्ये अकरा वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने भारतासह आणखी नऊ देशांतल्या शिक्षकांना तिथल्या ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’साठी थेट अर्ज करायची सोय दिली. भारतीयांसाठी गणित, विज्ञान आणि भाषा एवढेच विषय, आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असलेले शिक्षक. परीक्षा नाही, पुन्हा कोर्स नाही, अर्जाला फीसुद्धा नाही. तुमच्या पदव्या आणि अनुभव तपासून ते प्रमाणपत्र देतात. मी एप्रिलमध्ये अर्ज केला. जूनमध्ये व्हिडिओवर मुलाखत झाली, इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका सरकारी शाळेने होकार दिला, जानेवारी २०२४ ला रुजू व्हायचं ठरलं. मी प्रत्यक्षात वर्गात उभी राहिले ती एप्रिल २०२४ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीनंतर. मधल्या महिन्यांत काय झालं, त्याची ही गोष्ट.

जूनमध्येच पात्रता तपासणाऱ्यांची ईमेल आली. दोन ओळींची, अगदी सभ्य भाषेत. तुमची कागदपत्रं तीन वेगवेगळ्या व्यक्तींची दिसतात, कृपया खुलासा करावा.

आता बघा. दहावीच्या गुणपत्रकावर माझं नाव आपल्या पद्धतीने आहे, आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं, म्हणजे माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. हे दोन्ही एकवेळ समजावून सांगता येतं. पण बी.एड. मी लग्नाच्या वर्षातच केलं, आणि तिथल्या कॉलेजात कोणीतरी लिहिलं: माझं नाव, नवऱ्याचं नाव, आणि माहेरचं आडनाव. अशी बाई महाराष्ट्रात कुठेही जन्माला आलेली नाही. बारा वर्षं ते गुणपत्रक माझ्या फाइलमध्ये होतं. इथल्या नोकरीच्या वेळी सगळ्यांनी ते पाहिलं, कोणाला काही वाटलं नाही. आपल्याला सवय आहे. बाईची नावं बदलतात, माणूस तेच, हे आपल्याला सांगावं लागत नाही. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला ते का कळावं?

त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं काही चुकत नाही. त्याला एका अनोळखी बाईला शाळेत, लहान मुलांमध्ये जाऊ द्यायचं आहे. कागदावरची बाई आणि समोरची बाई एकच आहे एवढं त्याला खात्रीने हवं आहे. त्यातून आपली नावं लिहायची रीत. आडनाव पहिलं लिहिलं की तिकडे ते पाळण्यातलं नाव समजतात आणि शेवटी आलेलं वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. स्पेलिंगचं तर विचारूच नका. दत्तात्रय हे साधं नाव घ्या. या मांडवात चार जणांच्या वडिलांचं तरी असेल. शेवटी ‘ए’ लावायचा की नाही, मधे ‘आय’ की ‘ए’, हे त्या त्या वर्षीच्या लिहिणाऱ्यावर अवलंबून. आपल्या गावाचं नावसुद्धा सुटलेलं नाही. सौदागर ‘ए-यू’ने लिहिणारे आहेत आणि ‘ओ-यू’ने लिहिणारेही आहेत. आणि ज्यांच्या सोसायट्या शिवेवर आहेत त्यांच्या आधारवर रहाटणी आणि वीजबिलावर पिंपळे सौदागर. पोस्टमनला काही अडचण नाही. अडचण व्हिसाच्या फॉर्मला आहे.

मी नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, या तिन्ही नावांची बाई मीच. लग्नाचा दाखला जोडला. उत्तर आलं की बी.एड.च्या नावाबद्दल तुमचं स्वतःचं म्हणणं पुरेसं नाही, ज्यांनी गुणपत्रक दिलं त्या संस्थेचं पत्र लागेल. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे प्रतिज्ञापत्र म्हणजे रामबाण. तिकडे ते ‘अर्जदार स्वतःबद्दल काय म्हणते’ एवढंच असतं.

ते कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात. मधल्या काळात त्यांची इमारत बदलली होती, तेव्हाचे क्लार्क निवृत्त झाले होते, आणि आमच्या वर्षाचं प्रवेश रजिस्टर एका लोखंडी ट्रंकेत होतं, ज्या ट्रंकेची किल्ली कोणाकडे आहे याबद्दल दोन मतं होती. मी पाच वेळा गेले. पाहुणचार उत्तम झाला, दर वेळी चहा मिळाला, आणि दर वेळी ‘पुढच्या सोमवारी’. यात खलनायक कोणी नव्हता. त्या माणसांना अशी पत्रं द्यायची सवय नव्हती, नमुना नव्हता, सही कोणी करायची हे ठरलेलं नव्हतं. तीन ओळींचं पत्र: अमुक साली प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी आणि अमुक पासपोर्टवरची व्यक्ती आमच्या नोंदींप्रमाणे एकच आहे. ते नोव्हेंबरात मिळालं. जून ते नोव्हेंबर.

या उशिराची किंमत काय? ती आकड्यात सांगते, कारण लोकांना वाटतं उशीर म्हणजे फक्त मनस्ताप. ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा, एकरकमी, आधी. तो मोठ्या माणसाला वर्षाला ६२४ पौंड होता आणि मुलांना ४७०. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ आणि ७७६ झाला. आमचा अर्ज गेला १२ फेब्रुवारीला. मी, नवरा आणि मुलगी, तीन वर्षांचा व्हिसा. हिशेब करा: ३,३८४ पौंड जास्त. तेव्हाच्या दराने साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. एका आडनावाचे आणि सहा दिवसांचे.

दुसरी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती, ती म्हणजे हे कागद शिळे होतात. आंब्याची आढी लावतो ना आपण, तसं आहे. एक फळ पिकायची वाट बघेपर्यंत दुसरं डागाळतं. ब्रिटनसाठी क्षयाची तपासणी लागते, ती त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच करायची, आणि तिचा दाखला सहा महिने चालतो. शाळा जे ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देते ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. पोलिसांचा दाखला, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, तोही ताजा हवा. मी तो उत्साहाने ऑगस्टमध्येच काढला होता. फेब्रुवारीत तो सहा महिने ओलांडून बसला, परत काढला. पैसे फार नाहीत, ५०० रुपये, पण पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा पडताळणी. आणि इकडे महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे जानेवारीत रुजू व्हायचं तर सप्टेंबरअखेर राजीनामा हवा, आणि सप्टेंबरमध्ये तुमच्या हातात व्हिसा तर सोडाच, पात्रतेचं प्रमाणपत्रसुद्धा नसतं. ही फट कुठल्याच देशाने बुजवलेली नाही. ती प्रत्येक शिक्षक आपल्या बचतीने बुजवतो.

म्हणून मला कोणी विचारलं की सुरुवात कशाने करू, तर मी व्हिसाच्या वेबसाइटचं नाव घेत नाही. आधी सगळी गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, पदव्या आणि पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडा आणि फक्त नाव वाचा. दुसरं काही वाचू नका. जिथे अक्षर बदललं तिथून काम सुरू. हे कागद शिळे होत नाहीत, ते नोकरीच्या आधी वर्षभर केले तरी चालतात. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, इंग्रजीतून शिकल्याचं पत्र, अनुभवाचे दाखले, हेही त्यातच. आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांना इंग्रजीची भीती वाटते, पण बी.एस्सी. इंग्रजीतून झाली आहे असं सिद्ध केलं की भाषेची परीक्षा टळू शकते. दहावी मराठीतून झाली हे कोणी विचारलंही नाही. आमच्या वेळच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे, आज काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ येतं. २०१४ मध्ये नामविस्तार झाला, हे परक्या माणसाला ठाऊक नसतं. एक ओळ आधीच लिहून पाठवली की तो प्रश्न उगवतच नाही. क्षयाचा आणि पोलिसांचा दाखला मात्र अगदी शेवटी.

पोलिसांच्या दाखल्याबद्दल आपल्या भागापुरतं एक सांगते. इथे उंच इमारतींत राहणारे निम्मे लोक भाड्याने राहतात. भाडेकरार ११ महिन्यांचा, आणि पडताळणीत विचारतात गेल्या वर्षभराचे पत्ते. करार संपला की त्याच सोसायटीत बी विंगमधून डी विंगमध्ये गेलात तरी पत्ता बदलला. जुना करार फेकू नका. चाकणला राहून इकडे आलेल्यांनी तर दोन्हीकडचे कागद जपावेत. २०२२ च्या सप्टेंबरपासून पीसीसीचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही करता येतो, त्यामुळे तारीख मिळणं पूर्वीपेक्षा सोपं आहे.

आणि देशागणिक रीत वेगळी. आपल्याच बॅचमधला एक जण मस्कतला शिकवतो आणि एक मैत्रीण दुबईला. त्याने तिला सांगितलं, अपोस्टिल करून घे, झालं. ओमान हेग करारात आहे, भारत २००५ पासून आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा तो एक शिक्का त्याला पुरला. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाहीत. तिला राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, मग तिथे पोचल्यावर त्यांचं मंत्रालय, अशी शिडी चढावी लागली. कतार आणि कुवेतचंही तसंच. तेव्हा मित्राचा सल्ला घ्या, पण मित्र कुठल्या देशात आहे ते आधी बघा.

एजंटांबद्दल. मला तीन भेटले. एकाने सांगितलं, स्पॉन्सरशिपचा कागद आमच्याकडे विकत मिळतो. तो कागद विकत मिळत नाही. तो नोकरी देणारी शाळा देते आणि त्याची फी शाळेने भरायची असते. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदलेल्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घ्यायचं असतं. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव दोन मिनिटांत तपासता येतं. जो लाखात बोलतो त्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

आता त्या मधल्या महिन्यांचं थोडं. डिसेंबरअखेर शाळेने मला निरोप दिला. शाल, श्रीफळ, भाषणं, दहावीच्या मुली रडल्या. आणि जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मी कोकणे चौकात भाजी घेताना रोज कोणाला तरी दिसत होते. निरोप समारंभ झालेला माणूस गावात फिरताना दिसला की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. ‘अजून गेली नाहीस?’ हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी जगताप डेअरीच्या बाजूने लांबून घरी यायला लागले. पगार बंद, घराचा हप्ता चालू. नवऱ्याची चाकणची नोकरी, त्याने व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ते शहाणपणाचं होतं. पण खरा पेच मुलीच्या शाळेचा होता. जानेवारीत शाळेने पुढच्या वर्षाची जागा राखायची का विचारलं. फी भरली तर बुडणार, नाही भरली आणि व्हिसा नाही आला तर जूनमध्ये मुलगी कुठे जाणार? सात वर्षांची होती. ती एकदा म्हणाली, आई, मी दोन्हीकडे नाही आहे का? आम्ही फी भरली. बुडाली. परत तसा प्रसंग आला तर पुन्हा भरीन.

त्या काळात मी घरी दहावीच्या सहा मुलांची शिकवणी घेतली, आणि रात्री धर्मानंद कोसंबींबद्दल वाचत असे. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेला, पालीच्या एका ग्रंथाच्या संपादनासाठी. परत येऊन पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं, आणि १९१८ मध्ये पुन्हा गेला, तेव्हा मुलगा दामोदर बरोबर होता, जो पुढे गणिती आणि इतिहासकार झाला. या दोन प्रवासांच्या मधे, १९१७ मध्ये, अमेरिकेने कायदा करून भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना दार बंद केलं. त्या कायद्यात काही पेशांना सूट होती. त्या यादीत शिक्षक होते. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दुष्ट कायद्यालाही शिक्षकाला आत घ्यावंसं वाटलं. आणि दुसरं असं की कोसंबींकडे विद्यापीठाची कुठलीच पदवी नव्हती. आज ते माझ्या मागे रांगेत असते तर पहिल्याच फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात अडकले असते. त्यांची विद्वत्ता ओळखणारा एक माणूस पलीकडे होता म्हणून ते गेले. आज पलीकडे माणूस नसतो, रकाना असतो. म्हणून रकाना भरणारा कागद तरी इकडे धड असायला हवा.

आता मी मूळ मुद्द्यावर येते, आणि बाईंसमोर येते. आपल्या सगळ्यांच्या कागदांचं मूळ इथे आहे, ऑफिसातल्या जनरल रजिस्टरात. तिथे जे नाव लिहिलं गेलं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेलं, दहावीच्या फॉर्मवर गेलं, तिथून बोर्डाच्या गुणपत्रकावर, तिथून पुढे सगळीकडे. शाळा सोडल्यावर त्या नोंदी बदलणं माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे फार अवघड आहे, उघड लेखनातली चूक असली तरच, आणि तीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. मुलगा शाळेत असताना मात्र ते काम त्या मानाने सोपं असतं. तेव्हा पहिली विनंती अशी की दरवर्षी नववीच्या पालकसभेत प्रत्येक मुलाच्या नावाचं मराठी आणि इंग्रजी लिखाण पालकांना समोर दाखवावं आणि सही घ्यावी. दहावीचा फॉर्म भरण्याच्या आदल्या वर्षी. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून. वडिलांच्या नावासकट, आईच्या नावासकट.

दुसरी विनंती माजी विद्यार्थी संघाला. आज आपण वर्गणीतून काय करायचं याची चर्चा दुपारी आहे. कमानीचा प्रस्ताव आहे असं ऐकलं. कमान होऊ दे. पण त्याआधी जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून घेऊ. मी काल ऑफिसात जाऊन पाहिली. आमच्या वर्षाच्या रजिस्टराची पानं कडेने तपकिरी झाली आहेत आणि दोन पानं एकमेकांना चिकटली आहेत. त्या दोन पानांवर कोण कोण आहेत हे मी मोजलं नाही, पण आडनाव ‘क’ पासून सुरू होणाऱ्यांनी काळजी करावी. शिवाय शाळेचा एक अधिकृत ईमेल पत्ता हवा, ज्याचं उत्तर कोणीतरी देतं. मला नोकरी देणाऱ्या शाळेने माझ्या मागच्या मुख्याध्यापकांना थेट लिहिलं होतं, आणि खासगी जीमेलवरून आलेलं उत्तर त्यांनी मान्य केलं नाही. आणि ‘ही व्यक्ती आणि ती व्यक्ती एकच’ या पत्राचा एक छापील नमुना. मी तो मराठीत आणि इंग्रजीत तयार करून आणला आहे, माझ्या बी.एड. कॉलेजच्या त्या तीन ओळींवरूनच. बाईंनी तपासून लेटरहेडवर घ्यावा.

स्कॅनिंगचं काम दोन दिवसांचं आहे. आमच्या बॅचच्या तिघांनी येते शनिवार-रविवार येतो म्हणून सांगितलं आहे, मी ४ जानेवारीपर्यंत इथे आहे, मीही येईन. चांगला स्कॅनर कोणाकडे असेल तर जेवायच्या आधी मला भेटा. आणि ज्यांना आपलं नाव रजिस्टरात कसं लिहिलं आहे ते बघायचं आहे त्यांच्यासाठी आज ऑफिस चार वाजेपर्यंत उघडं आहे, येताना पासपोर्टचा मोबाइलमधला फोटो घेऊन या.